हळू काकू, पायरी ओली आहे

व्हिडिओ एवढासाच होता. पद्मिनीचा दुपारचा चहा गाळून होण्याआधी संपला. एक अरुंद दगडी जिना, दोन्ही बाजूंना पोपडे आलेल्या भिंती, वरच्या खिडकीतून वाळत घातलेल्या चादरी लोंबताहेत, खाली नदीचा एक तुकडा चमकतोय, आणि त्या जिन्यावरून तिची लेक पूर्वी एका ठेंगण्या बाईचा दंड धरून उतरते आहे. बाईनं साडीवर मरून स्वेटर घातलेला, पायात पांढरेशुभ्र बूट. चित्रण सौमित्र करत असणार, कारण तो हसला की चित्र हलतं. मग पूर्वी म्हणते, “हळू काकू, पायरी ओली आहे.” एवढंच. पद्मिनीनं गाळणं कपावर तसंच ठेवलं आणि व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा तेच. स्वच्छ, न अडखळता, कुणी आतून ढकलल्यासारखं नव्हे तर श्वास सोडावा इतक्या सहज. पूर्वी आता अठ्ठावीस वर्षांची. तिच्या तोंडून अख्खं मराठी वाक्य पद्मिनीनं ऐकलं होतं ते पोरीचे दुधाचे दात पडायच्या आधी. त्यानंतर पूर्वीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते हिंदीत. आणि आज ती पोर्तुगालातल्या एका जिन्यावर उभी राहून सांगलीकडच्या एका बाईला मराठीत सांभाळून उतरवत होती. बाहेरच्या खोलीतून तिच्या नवऱ्याचा, नंदकुमारांचा आवाज आला, “अगं, पाहिलंस का? पोरगी चक्क मराठी बोलतेय की!” त्यांच्या आवाजात नुसता आनंद होता. पद्मिनीला त्या आनंदाचाही राग आला. ती म्हणाली, “चहा गार होतोय, घ्या.”

ती ठेंगणी बाई म्हणजे शोभनाबाई, सौमित्रची आई. तासगावच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सौमित्र आणि पूर्वी दोघंही पोर्तुगालात आवेरोच्या विद्यापीठात संशोधन करतात, तिथंच भेटले, आणि येत्या फेब्रुवारीत त्यांचं लग्न आहे. शोभनाबाई महिनाभरासाठी पोराकडे गेल्या होत्या आणि हा शनिवार-रविवार तिघांनी जवळच्या पोर्तो शहरात काढायचा ठरवला होता. पायी. पूर्वीनं तीन दिवसांपूर्वी फोनवर सांगितलं होतं, “वीकेंड पे काकू को पोर्तो घुमाने ले जा रहे हैं मम्मा, पूरा पैदल.” तेव्हाही पद्मिनीला काहीतरी टोचलं होतं, पण तिनं “अच्छा, अच्छा, ले जाओ” असं म्हटलं होतं, आणि वर “उनके घुटनों का ध्यान रखना” असंही. गुडघे शोभनाबाईंचे ठणठणीत होते. दुखायचे ते पद्मिनीचे. माणूस जळायला लागला की आधी काळजी करायला लागतो, हे काही पद्मिनीला नवीन नव्हतं. तिच्या माहेरी यवतमाळला एक मामी होत्या, त्या ज्या सुनेचा दुस्वास करायच्या तिच्याच तब्येतीची सगळ्या गावाला चौकशी करत हिंडायच्या.

चहा घेताना नंदकुमारांनी फोन टेबलावर उभा करून एकेक फोटो पाहिला. हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना सगळ्या गोष्टी सावकाश पाहायची हौस आली होती. निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेला स्टेशनाचा दिवाणखान्यासारखा हॉल, त्या फरशांवर लढाया, घोडे, मिरवणुका, आणि खाली मान वर करून पाहणाऱ्या शोभनाबाई. मग टेकडीवरच्या दगडी चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत शोभनाबाई. मग तो जिना. मग नदीकाठ, रंगीत चिंचोळी घरं एकमेकांना खेटून उभी, आणि पाण्यात लाकडी होड्या, त्यांच्यावर दारूची पिंपं. मग लोखंडी कमानीचा प्रचंड पूल, दुमजली. पद्मिनी फोटो पाहत नव्हती. तिला पुढचा फोटो कुठला असणार ते आधीच माहीत होतं. स्टेशन, चर्च, पुलाजवळून उतरणारा जिना, नदीकाठ, पुलाच्या खालच्या मजल्यावरून पलीकडे, तिथून चढण चढून वर, आणि ऊन उतरताना वरच्या मजल्यावरून परत. हा रस्ता तिचा होता. पूर्वी तिकडे गेली त्या वर्षापासून दुपारी जेवणं आटोपली की पद्मिनी मोबाइलच्या नकाशात ते शहर उघडायची आणि त्यातलं ते पिवळं माणूस बोटानं उचलून गल्लीगल्लीत ठेवायची. ते माणूस जिथं ठेवावं तिथं उभं राहून चारी बाजूंना पाहता येतं. कुठल्या खिडकीत कुंडी आहे, कुठल्या दारात मांजर बसलंय, कुठं पायरी तुटलीय, सगळं तिला पाठ झालं होतं. ती राहायची त्या मोहालीच्या एअरोसिटीतल्या रस्त्यांवर पाहण्यासारखं काय होतं? सरळ रेषेत आखलेले ब्लॉक, रिकाम्या प्लॉटवर वाढलेलं गवत, एकसारखी फाटकं. इकडून तिकडे नजर टाकली की दुसरं टोक दिसायचं. त्या नदीकाठच्या शहरात मात्र पुढच्या वळणावर काय आहे ते कळत नाही, म्हणून ते तिला आवडायचं. आणि तिनंच पूर्वीला सांगितलं होतं, की कभी मैं आयी ना तो हम स्टेशन से शुरू करेंगे. पूर्वी तेव्हा हसून म्हणाली होती, “आपको तो मुझसे ज़्यादा पता है.” आता तो रस्ता पूर्वीनं दुसऱ्या बाईला दिला होता, आणि दिला हे तिच्या लक्षातही आलं नसणार. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तशी ती तासगावची बाई पांढरे बूट घालून त्या रस्त्यावरून चालत होती.

खरं म्हणजे गेल्या मे महिन्यात पद्मिनीलाही बोलावणं होतं. “मम्मा, सितंबर में आ जाओ ना,” पूर्वी म्हणाली होती. पद्मिनी म्हणाली, “देखते हैं.” आता यवतमाळच्या घरात वाढलेल्या बाईनं ‘बघू’ म्हटलं तर त्याचा अर्थ काय होतो? तिथं पाहुण्याला वाढताना एकदा विचारून कुणी थांबत नाही. पहिल्यांदा नाही म्हणायचं ती रीत, दुसऱ्यांदा अनमान करायचं तो मान, आणि तिसऱ्यांदा वाढणारा हात धरून ‘अहो पुरे’ म्हणताना ताटात पडायचं ते खरं जेवण. पद्मिनीनं पहिलं ‘बघू’ म्हटलं आणि दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत बसली. जून गेला, जुलै गेला. हवाई दलाच्या कॅम्पांमधून आणि वसतिगृहांतून वाढलेल्या पूर्वीला ‘देखते हैं’ म्हणजे नाही एवढंच कळत होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही. शोभनाबाईंना विचारल्यावर त्या म्हणाल्या असतील, “येते की.” एका शब्दात पासपोर्ट, व्हिसा, स्वेटर, बूट. पद्मिनीला त्या ‘येते की’चा जितका हेवा वाटला तितका पुलाचा किंवा नदीचा वाटला नाही. मागून घ्यायला जी बाई लाजत नाही तिला सगळं मिळतं, आणि जी लाजते ती मोबाइलमधल्या पिवळ्या माणसाला फिरवत बसते.

संध्याकाळी नंदकुमार फिरायला बाहेर पडले. पद्मिनीनं गुडघ्याचं निमित्त केलं आणि दिवाणावर बसून तो व्हिडिओ परत परत लावला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिचं लक्ष शब्दांवरून उडून हातावर गेलं. पूर्वीचा हात शोभनाबाईंच्या दंडावर नुसता टेकलेला नव्हता, चांगला घट्ट धरलेला होता, बोटं स्वेटरात रुतली होती. पद्मिनीला तिच्याबरोबरची पूर्वी आठवली. ती कधी हात धरून चाललीच नाही. चंडीगडला बदली झाली तेव्हा पोरगी बारावीत होती. सतरा सेक्टरच्या बाजारात ती कायम दहा पावलं पुढं असायची, पाठीवर सॅक, कानात तारा. मागून नंदकुमार आणि पद्मिनी. दुकानदारासमोर दोघं मराठीत बोलायची, “महाग सांगतोय, दुसरीकडे बघू,” आणि पूर्वी काउंटरला पाठ करून उभी राहायची. घरी आल्यावर म्हणायची, “आप लोग ऐसे कोड में क्यों बात करते हो? उसको समझ में आता है.” कोड. पद्मिनीची मायबोली तिच्या पोटच्या पोरीला कोड वाटायची. तेव्हा पद्मिनी हसली होती. नंदकुमारांनी तर तो विनोद मेसमध्ये चार जणांना सांगितला होता. पुढं पूर्वी मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या विज्ञानसंस्थेत शिकायला लागली, तिथं तिच्या वर्गात नागपूरचा एक मुलगा आणि पुण्याच्या दोघी होत्या, त्यांच्याशीही हिंदीच. पद्मिनीनं एकदा त्यांना श्रीखंड-पुरी खायला बोलावलं तर ती पोरं आल्या आल्या मराठीत सुटली, आणि पूर्वी मधे बसून हिंदीत उत्तरं देत राहिली. त्यातली एक पोरगी निघताना म्हणाली होती, “काकू, हिला येतच नाही का हो?” पद्मिनी म्हणाली होती, “समजतं सगळं.” ते म्हणताना तिला आपल्या घरात काही कमी असल्यासारखं वाटलं होतं, आणि ते तिनं श्रीखंडाच्या वाट्या धुताना विसरूनही टाकलं होतं.

कमी पडलं ते आसामातल्या जोरहाटला. पूर्वी चार वर्षांची होती. तोवर ती घडाघडा मराठी बोलायची, दिवसभर प्रश्न, “आई, हत्तीला चप्पल का नसते? आई, विमान झोपतं का?” कॅम्पमधल्या शाळेत घातली आणि पोरगी मुकी झाली. वर्गात एक शब्द बोलेना. बाईंनी दोघांना बोलावून घेतलं आणि गोड शब्दांत सांगितलं, “घर में भी हिंदी बोलिए, बच्ची कन्फ्यूज़ हो जाती है.” नंदकुमार शिस्तीचे, त्यांनी घरी येऊन हुकूम काढावा तसं सांगितलं, आजपासून घरात हिंदी. दोन वर्षांनी जोधपूर, मग बिदर, मग सुलूर, आणि प्रत्येक ठिकाणची भाषा निराळी. हिंदी तेवढी सगळीकडे बरोबर यायची. सगळे तेच करत होते. कॅम्पमधल्या तामिळ बायका तेच करत होत्या, बंगाली बायका तेच करत होत्या. पद्मिनीला पहिले काही आठवडे जड गेले. पोरीला थोपटताना तोंडात यवतमाळचं काहीतरी यायचं आणि ती ओठ मिटून नुसती गुणगुणायची. एक दिवस पूर्वी तिला “मम्मा” म्हणाली. शाळेत सगळ्या म्हणतात म्हणून म्हणाली असेल. पद्मिनीनं “हाँ बेटा” म्हणून ओ दिली, आणि ‘आई’ गेली ती गेली. मराठी उरली ती नवराबायकोत, दार लोटल्यावर. त्या वेळी त्यात चुकीचं काही नव्हतं, आणि आजही कुणी विचारलं असतं तर पद्मिनीनं ठणकावून सांगितलं असतं की आम्ही पोरीच्या भल्याचंच केलं. पण कुणी विचारत नव्हतं. नुसता तो व्हिडिओ होता. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण इथं तर पिकवणारीनंच दुकान बंद केलं होतं आणि आता माल दुसऱ्याच्या घरात गेला म्हणून ती उंबऱ्यात बसून बोटं मोडत होती. हे पद्मिनीला कळत होतं. कळल्यामुळे जळणं कमी होतं असं मात्र नाही.

रात्रीच्या जेवणाआधी तिनं घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘इतना मत चलाओ काकू को, थक जाएँगी.’ लगेच पूर्वीचं उत्तर आलं, ‘काकू तो मुझसे तेज़ चलती हैं मम्मा. पूरा पुल पैदल पार किया, ऊपर वाला.’ पाठोपाठ फोटो आला. पुलाच्या वरच्या मजल्यावर, कठड्याशी, शोभनाबाई. मागं सगळं शहर टेकडीवर चढत गेलेलं, खाली नदी सोन्याच्या पाण्यासारखी. बाईंच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. मग एक छोटा आवाजी निरोप, शोभनाबाईंचाच, “नमस्कार पद्मिनीताई. तुमच्या लेकीनं आज माझे पाय मोडले बघा. लई गुणाची पोरगी आहे. नदी बघितली, आमच्यासारखीच द्राक्षं आहेत म्हणे हिकडं वरच्या अंगाला, फक्त पितात ती. पुढच्या खेपेला तुम्ही पण चला, मज्जा करू.” नंदकुमार पुन्हा हसले. “छान बाई आहे हो,” म्हणाले. पद्मिनीनं पोळी तव्यावर टाकली. छान होत्या, तेच तर दुखणं होतं. खाष्ट असत्या, शिष्ट असत्या, तर पद्मिनीला आईपणाचा आधार राहिला असता. पूर्वीला सांभाळून राहा म्हणून सांगता आलं असतं. चांगल्या बाईवर जळायला जागाच नसते. आणि ‘पुढच्या खेपेला तुम्ही पण चला’ म्हणे. पद्मिनीला तिच्याच लेकीकडे जायचं आमंत्रण आता तासगावहून येणार. “तुझ्या पोटात दुखतंय,” नंदकुमार ताटावरून म्हणाले, सरळ, चिडवायला नव्हे. पद्मिनी म्हणाली, “माझ्या कशाला पोटात दुखेल?” आणि थोड्या वेळानं, पोळी उलटताना, “दुखतंय तर दुखतंय. तुम्हाला काय वाटलंच नाही का हो? आपल्याशी एक शब्द नाही कधी.” नंदकुमारांनी भाजीत लिंबू पिळलं. “आपल्याशी हिंदीत बोलते. बोलते ना?” ते म्हणाले. पुरुषांना एवढ्यावर भागतं. पद्मिनीला भागत नव्हतं. लेक द्यायची असते हे तिला ठाऊक होतं, त्याची तयारी पूर्वी जन्मल्यापासून होती. बोलणंही द्यायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तिथल्या तिथं मनाशी ठरवलं. उद्या रविवार, रात्री पूर्वीचा फोन येतोच. उद्या आपण मराठीत बोलायचं. ती त्या बाईशी बोलते तर माझ्याशीही बोलेल. एक वाक्य. फेब्रुवारीत ती तासगावची होण्याआधी एक वाक्य मला हवंय.

रविवारी सकाळी दोघं अपनी मंडीत, शेतकऱ्यांच्या आठवडी बाजारात गेली. ऑक्टोबरचं कोवळं ऊन, जमिनीवर पसरलेल्या ताडपत्र्यांवर मेथी, मुळे, नवी फ्लॉवर. “आंटी जी, मेथी ले जाओ, बिलकुल ताज़ी,” एक सरदारजी म्हणाला, आणि पद्मिनी म्हणाली, “किन्ने दी, पाजी?” तिचं तिलाच आश्चर्य वाटलं, ही पंजाबी कधी शिकली ती? कुणी शिकवली नाही, ऐकून ऐकून आली. मेथीच्या जुड्या निवडताना ती ओठांत वाक्यं जुळवत होती. पूर्वी, कशी आहेस? छे, हे परक्यासारखं. पूर्वी, काय करतेस? हेही नको, दरडावल्यासारखं. हिंदीत तिच्या तोंडी बेटा यायचं, बच्चा यायचं. मराठीत पूर्वीला काय म्हणायचं हे तिला आठवेना. बाळा? सोन्या? जोरहाटच्या आधी काय म्हणायची ती? समोरच्या मेथीवाल्याशी बोलताना जितकी मोकळीक वाटत होती तितकी पोटच्या पोरीशी बोलायच्या चार शब्दांत वाटेना. मेथीवाल्याला पैसे देऊन झाले, नंदकुमार पुढं गाजराकडं वळले, आणि पद्मिनी पिशवी घेऊन तिथंच उभी राहिली. शोभनाबाईंना असं जुळवावं लागलं नसणार. त्यांनी विमानतळावर उतरल्या उतरल्या “काय गं, किती वाळलीस” म्हटलं असेल, आणि पूर्वीनं उत्तर दिलं असेल. कशी सुरुवात झाली असेल तिची? पहिला मराठी शब्द कुठला काढला असेल? तो शब्द ऐकायला आपण तिथं नव्हतो, आणि ज्या होत्या त्यांना त्याचं मोलही कळलं नसेल. त्यांना वाटलं असेल की पोरगी मराठी घरातली आहे, मराठीच बोलणार, त्यात काय. पद्मिनीला त्या क्षणी शोभनाबाईंचा अगदी मनापासून तिटकारा आला. त्या बाईनं काही केलं नव्हतं, तरी आला. घरी येताना नंदकुमारांनी गाडीत गाणी लावली तर तिनं बंद करायला लावली.

दुपारनंतर फोटो येत राहिले. आज दुसरा काठ, दारूच्या जुन्या कोठारांची कौलं, मग एका चौकात झाडाखाली डबा उघडून बसलेल्या शोभनाबाई, थालीपीठ आणि शेंगदाण्याची चटणी, आणि पूर्वीच्या बोटांना तेल. पद्मिनीनं एकाही फोटोला काही लिहिलं नाही. नंदकुमार दर फोटोला टाळ्या पाठवत होते. रात्री तिनं वरणभाताचा कुकर लावला, केस विंचरले, साडी बदलली, जसं काही कुणी बघायला येणार होतं. फोन वाजला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी होती. नुसता आवाजाचा कॉल होता, व्हिडिओ नाही. “हाय मम्मा,” पूर्वी म्हणाली, दमलेल्या आणि खूश आवाजात. “हम लोग अभी कमरे पे आए. क्या बताऊँ, इतना चले, इतना चले.”

पद्मिनीनं ओट्याची कड धरली. सकाळपासून जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही, जे आलं ते यवतमाळहून आलं. “पूर्वी,” ती म्हणाली, “कशी आहेस गं बाई? पाय दुखून राहिले असतील ना तुझे?”

पद्मिनीला वाटलं लाइन गेली. मग पूर्वीचा आवाज आला, अगदी बारीक, वेगळाच. “मम्मा, क्या हुआ?”

“काही नाही. काही झालं नाही. सहज विचारलं.”

“पापा कहाँ हैं? पापा को फोन दो. मम्मा, पापा को दो.”

नंदकुमार आतून आले, त्यांनी फोन घेतला आणि म्हणाले, “हाँ बेटा, मैं यहीं हूँ. अरे सब ठीक है. एकदम ठीक.” त्यांनी भुवया उंचावून पद्मिनीकडे पाहिलं, खांदे उडवले आणि फोन परत दिला. पूर्वी पलीकडे रडत होती की हसत होती ते कळेना. “आपने तो डरा दिया मुझे,” ती म्हणाली. “घर में आप लोग दरवाज़ा बंद करके मराठी में तभी बोलते थे ना, जब कुछ हुआ होता था. आबा गुज़र गए थे तब. पापा की वो रिपोर्ट आयी थी तब. मैं दरवाज़े के बाहर खड़ी रहती थी. मुझे लगा फिर कुछ हो गया, और आप मुझे बताने वाली हो.”

पद्मिनीला सुलूरचं घर दिसलं, लोटलेलं दार, दाराखालच्या फटीतून येणारा उजेड आणि त्या उजेडात दोन लहान पावलांची सावली. ती सावली तिनं तेव्हा पाहिली होती का, की आता मनानं काढली होती? ती हिंदीत म्हणाली, कारण आता दुसरं काही शक्य नव्हतं, “और काकू के साथ? उनके साथ तो बोलती हो.”

“काकू से हिंदी बोली ही नहीं जाती मम्मा,” पूर्वी म्हणाली. “पहले दिन चुप बैठी रहीं बेचारी. फिर मैंने ही शुरू कर दिया. उनके साथ तो बस, बोलती हूँ. उसमें कुछ होता नहीं.” आणि आवाज थोडा खाली आणून, “आपके साथ मुझसे होगा नहीं मम्मा. अजीब लगता है. बुरा मत मानना.”

“बुरा क्यों मानूँगी,” पद्मिनी म्हणाली. कुकरची शिटी झाली, तिनं गॅस बंद केला. पलीकडून, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, शोभनाबाईंचा आवाज आला, “पूर्वी, मीठ कुठं ठेवलंयस गं? पाण्यात टाकते थोडं.” आणि पूर्वी, तोंड फोनपासून बाजूला करून, “पिशवीत आहे काकू. थांबा, मी देते, तुम्ही उठू नका.” मग पुन्हा जवळून, “मम्मा, एक मिनट होल्ड करना,” आणि फोन कशावर तरी टेकवल्याचा खट्ट आवाज.

पद्मिनी उभी राहिली. पाण्याचा आवाज, बादली सरकवल्याचा आवाज. पूर्वी म्हणत होती, “फार गरम नाही ना? बघा आधी बोट घालून.” शोभनाबाई काहीतरी पुटपुटल्या, सौमित्र हसला. “टाच केवढी सुजली आहे,” पूर्वी म्हणाली, “आणि सांगितलं नाहीत दिवसभर. असं दुखणं अंगावर काढायचं नसतं. किती वेळा सांगायचं माणसानं? आपलं आपल्यालाच बघावं लागतं, दुसरं कुणी येत नाही बघायला.” हे पूर्वीचं बोलणं नव्हतं. हे तिचं होतं, तिचं स्वतःचं, शब्दन् शब्द, वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा आवाज सुद्धा. यवतमाळच्या थोरल्या बहिणीला ती हे इतकी वर्षं फोनवर सांगत आली होती, दुपारी, भाजी निवडता निवडता, आणि पूर्वी पलीकडे जेवणाच्या टेबलावर गणितं करत बसलेली असायची. पोरीनं पाठ करून ठेवलं होतं सगळं. रागावणंसुद्धा. माया करायची वेळ आली तेव्हा काढलं ते आईचंच, आणि दिलं दुसरीला. पद्मिनीला काय वाटलं ते एक नव्हतं. तिला त्या सुजलेल्या टाचेचा हेवा वाटला. आपली टाच सुजावी, आणि आपल्या पायाशी बसून त्या पोरीनं आपल्यालाच आपल्या आवाजात रागवावं, असं तिला इतकं तीव्रपणे वाटलं की तिनं डोळे मिटून घेतले.

“काय झालं? गेली का लाइन?” नंदकुमारांनी दारातून विचारलं. “ठेव मग, करेल ती परत.” त्यांनी फोनसाठी हात पुढं केला.

पद्मिनीनं त्यांना हातानं गप्प केलं. तिनं आपल्या बाजूचा आवाज बंद केला, म्हणजे इथलं काही तिकडे ऐकू जायला नको, आणि फोन कानाला घट्ट लावून ती कोठीच्या खोलीत गेली. आत अंधार होता. तिकडे पूर्वी टॉवेल मागत होती, मराठीत. पद्मिनीनं दार हळूच लोटून घेतलं आणि ती ऐकत राहिली.